तेराव्या दिवसानंतरचे कर्तव्य
(अभ्यास-पाठ)

घरात मृत्यू झाला म्हणजे लोक पुरोहिताकडे येतात. अंत्यविधी कसा करावा, अस्थी कोठे विसर्जन कराव्यात, दशक्रियेस कोणते साहित्य लागेल, हे सारे ते विचारतात आणि त्यांस उत्तर मिळते. परंतु चौदाव्या दिवसापासून घरातील माउलीने काय करावयाचे, मरणाचा दाखला कोणत्या कचेरीतून आणावयाचा, मुलांची फी कोणी भरावयाची, आणि रात्री झोप येत नाही हे तिने कोणाजवळ बोलावयाचे, हे विचारण्यास सहसा कोणी येत नाही. हे प्रश्न धर्माच्या कक्षेबाहेरचे आहेत अशी आपली समजूत झाली आहे. ती समजूत बरोबर आहे काय, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

१. शास्त्राने आखलेले एक वर्ष

सुतकाचा काळ आपण केवळ अशौच म्हणून ओळखतो. त्याची दुसरी बाजूही ध्यानात घेण्यासारखी आहे. या दहा दिवसांत दुःखी घरावरील नित्याची बहुतेक ओझी शास्त्राने व लोकाचाराने उतरवून ठेविली आहेत. देवपूजा नाही, सण नाही, पाहुणचार नाही. चूल पेटत नाही, आणि शेजारपाजारचे व नातलग अन्न घेऊन येतात. खानदेशात लोक दारावर येऊन बसतात. आपल्या गुजराती शेजाऱ्यांमध्ये बेसणुं होते. ज्याचे मन थाऱ्यावर नाही त्याच्याकडून व्यवहाराची अपेक्षा करू नये, असे हे शहाणपण आहे.

परंतु शास्त्र दहा किंवा तेरा दिवसांवर थांबलेले नाही. मृताच्या नावे करावयाची षोडश श्राद्धे मुळात वर्षभर पसरलेली आहेत. मासिक श्राद्ध दर महिन्याला, मध्ये षण्मासाच्या सुमाराचे, आणि वर्ष पूर्ण होताना सपिंडीकरण, असा तो क्रम आहे. वर्षभर दर महिन्याला त्या घरी ब्राह्मण जावयाचा, आप्त जमावयाचे आणि गेलेल्याचे नाव घेतले जावयाचे. पुढे सोयीसाठी सपिंडीकरण बाराव्या दिवशी करण्याची मोकळीक मिळाली आणि तत्पूर्वीची श्राद्धेही आधीच उरकून घेण्याचा प्रघात पडला. विधीला बाध आला नाही. परंतु त्या विधीबरोबर दुःखी घरी जे येणे-जाणे वर्षभर चालत असे ते बारा-तेरा दिवसांत आटोपले. गंधमुक्ती झाली, उत्तरकार्याचे जेवण झाले, मंडप उतरला, की माणसे जी जातात ती वर्षश्राद्धालाच परत दिसतात.

या पाठाचे सार एवढेच आहे : जे वर्ष आपण तेरा दिवसांत गुंडाळून ठेविले, ते सेवेच्या रूपाने पुन्हा उलगडले पाहिजे.

२. युधिष्ठिराने काय केले

महाभारतात युद्धाचे दिवस अठरा. परंतु शोकाचे वर्णन त्या मानाने लहान नाही. स्त्रीपर्व हे संपूर्ण पर्वच मागे राहिलेल्यांचे आहे. गांधारी रणभूमीवर एकेका देहापाशी आक्रोश करते, आणि श्रीकृष्ण तिचे सारे बोलणे, शापासुद्धा, ऐकून घेतो. मग धृतराष्ट्र विचारतो की ज्यांना कोणी आप्तच उरलेले नाहीत त्यांचे काय? तेव्हा युधिष्ठिर विदुर, संजय, धौम्य इत्यादिकांना आज्ञा करतो की या सर्वांचे अंत्यसंस्कार करा, कोणाचाही देह अनाथासारखा नष्ट होऊ देऊ नका. एका अर्थी ही राजाज्ञा म्हणजे त्या काळचे शासकीय धोरणच होय.

पुढे शांतिपर्वाच्या आरंभी पांडव एक मास नगराबाहेर गंगेच्या तीरावर राहतात. व्यास, नारद यांच्यासारखे ऋषी भेटीस येतात. कर्ण आपला वडील बंधू होता हे कळल्यामुळे युधिष्ठिराचा शोक आवरत नाही. भाऊ समजावतात, द्रौपदी समजावते, तरी तो एका दिवसात शांत होत नाही. धर्मराजालासुद्धा वेळ लागला, हे आपण विसरू नये. राज्यावर बसल्यावर त्याने ज्या स्त्रियांचे पती व पुत्र युद्धात पडले त्यांच्या पोषणाची व्यवस्था केली, आणि ज्यांना आप्त नव्हते अशा मृतांच्या नावे धर्मशाळा व पाणवठे बांधविले.

या कथाभागात मागे राहिलेल्यांच्या सेवेची चारही अंगे आली : देहाचा सन्मान, बोलणे ऐकून घेणे, वेळ देणे आणि पोटाची सोय. आपल्या सुरत शहरात बेवारस देहांवर अंत्यसंस्कार करण्याचे पहिले काम एकता ट्रस्ट ही संस्था अनेक वर्षे करीत आली आहे. तिचे प्रमुख अब्दुल मलबारी हे मुसलमान सद्गृहस्थ आहेत, आणि ज्या देहाचा जो धर्म त्या रीतीने ते संस्कार घडवितात. २०२० व २०२१ या वर्षांतील महामारीत, आप्तांनाही जवळ जाता येत नव्हते तेव्हा, हे काम त्यांनी चालू ठेविले. धर्मराजाची आज्ञा कोण पाळतो हे नावावरून कळत नाही, असा याचा बोध आहे.

३. चलथाणची विशेष अडचण

खेड्यातील भाऊबंदकी चांगली असो वा वाईट, मृत्यूच्या वेळी ती धावून येते. आपण चलथाणचे मराठी लोक मात्र बहुतांशी घर सोडून आलेले आहोत. कोणी साखर कारखान्यामुळे, कोणी कडोदरा-पलसाण्याच्या गिरण्यांमुळे येथे आला. सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी चलथाण स्टेशनावरूनच बारडोली, व्यारा, नंदुरबार करीत खानदेशात उतरते. पुष्कळ घरी मृतदेह गावी नेतात. तापीच्या काठी प्रकाशासारख्या क्षेत्री क्रियाकर्म होते. आणि पंधरवड्याने विधवा व मुले येथल्या भाड्याच्या खोलीत परत येतात. गावचे लोक गावी राहिले. येथल्या शेजाऱ्यांना वाटते की सारे गावी झाले. अशा रीतीने दोन्हीकडचा आधार असूनही ती माउली मध्येच एकटी पडते.

याहून बिकट स्थिती ऊसतोड कामगारांची आहे. डांग, नंदुरबार, धुळे या भागांतून आलेली कुटुंबे हंगामात शेताच्या कडेला पडाव टाकून राहतात. कोयता चालविणारा गडी मेला, तर मुकादमाकडून घेतलेली उचल तशीच डोक्यावर राहते आणि हाती एकही कागद नसतो. हे लोक आपल्या मंदिराचे सभासद नाहीत. परंतु युधिष्ठिराने ज्यांच्याविषयी आज्ञा केली तेही त्याचे कोणी नव्हते.

४. कागदाचे काम : कोठे चुकते

शोकाच्या दिवसांत कागदाचा विचार करणे कित्येकांस अशोभनीय वाटते. परंतु कागद वेळेवर झाला नाही तर त्या घराचे अन्न अडते, म्हणून हा भाग सविस्तर देत आहे.

मृत्यूची नोंद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाप्रमाणे होते. २०२३ साली त्यात दुरुस्ती झाली व ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. पहिली गोष्ट ही की मृत्यू जेथे झाला तेथेच नोंद होते. दहन जेथे झाले तेथे नव्हे, आणि मूळ गावीही नव्हे. सुरतेच्या इस्पितळात मृत्यू झाला तर इस्पितळ कळविते व महानगरपालिकेत नोंद होते. घरी मृत्यू झाला तर कुटुंबप्रमुखाने त्या हद्दीतील ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या निबंधकास कळवावयाचे असते. देह खानदेशात नेला, तेथे दहन झाले, आणि येथे कोणी कळविलेच नाही, असा प्रकार झाला म्हणजे दोन्ही ठिकाणी दाखला मिळत नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची. २१ दिवसांच्या आत कळविल्यास काही पैसे पडत नाहीत. ३० दिवसांपर्यंत विलंब-शुल्क भरून नोंद होते. त्यानंतर वर्षाच्या आत वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटले म्हणजे दंडाधिकाऱ्याचा हुकूम आणावा लागतो. नोंद झाल्यावर सात दिवसांच्या आत दाखला विनामूल्य मिळावा असे कायदा सांगतो. तेराव्यापर्यंत थांबून नंतर पाहू असे म्हटले, तर हाती आठच दिवस राहतात.

तिसरी गोष्ट नावाची. मराठी नाव गुजरातीत लिहिताना, आणि गुजरातीवरून इंग्रजीत उतरविताना, काना-मात्रा बदलते. आधारकार्डावर एक, बँकेच्या पुस्तकात दुसरे आणि दाखल्यावर तिसरे नाव झाले, की त्या स्त्रीला महिनोन् महिने हेलपाटे पडतात. म्हणून नोंद करतेवेळीच आधारकार्ड समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवावे.

दाखला हाती आल्यावर काय मागता येते, तेही जाणून घ्यावे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील मिळवता मनुष्य वयाच्या १८ ते ५९ वर्षांत गेला, तर राष्ट्रीय कुटुंब साह्य योजनेतून २०,००० रुपये मिळतात. गुजरातेत ती संकट मोचन योजना या नावाने चालते व अर्ज मामलतदार कचेरीकडे जातो. विधवेस गुजरात सरकारची गंगा स्वरूपा आर्थिक सहाय योजना आहे. २०१९ मध्ये तिची रक्कम दरमहा १,२५० रुपये झाली. मृत मनुष्य गिरणीत अगर कारखान्यात नोंदलेला कामगार असेल, तर भविष्य निर्वाह निधी, त्याला जोडलेला विमा व विधवेचे निवृत्तिवेतन, आणि कामगार राज्य विमा योजनेतून अंत्यविधीसाठी १५,००० रुपयांपर्यंत खर्च, हे हक्काचे आहे. बँकेच्या खात्यातून दरवर्षी ४३६ रुपये कापले जात असतील, तर तो पंतप्रधान जीवन ज्योती विमा होय. त्याचे २ लक्ष रुपये वारसास मिळतात. कित्येक घरी असा विमा आहे हेच ठाऊक नसते. म्हणून बँकेचे पुस्तक उघडून मागील वर्षाच्या कपाती कोणी तरी जाणत्याने डोळ्यांखालून घालाव्यात.

५. माणसाची किंमत : हेरवाडचा ठराव

पैशाची सोय झाली तरी मान गेला तर मनुष्य उभा राहत नाही. पती गेल्यावर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे प्रकार दुःखाच्या पहिल्या घटकांतच, चार बायकांच्या देखत, त्या स्त्रीवर केले जातात. दशक्रियेच्या विधीक्रमात, पिंडदानात अगर तर्पणात यांपैकी एकही अंग नाही. लोकाचाराने ते जोडले, आणि लोकांनीच ते सोडता येते.

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाने ते करून दाखविले. राजर्षी शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी निवर्तले; त्यांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, ४ मे २०२२ रोजी, हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांसंबंधीच्या या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ठराव मांडणारी स्त्री होती व अनुमोदन देणारीही स्त्रीच होती. ही कल्पना लोकांपुढे ठेवणारे प्रमोद झिंजाडे हे सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे कार्यकर्ते आहेत. त्याच महिन्याच्या १७ तारखेस महाराष्ट्र शासनाच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा असे कळविले.

यातील क्रम लक्षात घ्यावा. अगोदर एका गावाने ठरविले. मग शासन त्याच्या मागे आले. धोरण नेहमी वरूनच येते असे नाही. आपले मंदिर हीही एक लहानशी ग्रामसभाच आहे.

मराठीत आपण विधवेच्या नावामागे 'गं. भा.' लिहितो, गुजरातीत 'गं. स्व.' लिहितात. पत्रिकेत तिला गंगेची उपमा द्यावयाची, आणि हळदीकुंकवाच्या दिवशी त्याच गंगेला दाराबाहेर ठेवावयाचे, हे कोणत्या न्यायात बसते याचा प्रत्येक घराने शांतपणे विचार करावा.

६. ज्या दुःखाला दिवसच नाहीत

लहान बालकाच्या मृत्यूस शास्त्राने अशौच थोडके सांगितले आहे. अगदी कोवळ्या मुलाचे दहन नाही, दशक्रिया नाही, तेरावा नाही. त्यामागे आईबापांवर विधीचे ओझे पडू नये असा हेतू मानता येतो. पण परिणाम असा झाला की विधी नाही म्हणून माणसेही येत नाहीत. पोटातच मूल गेले, तर त्या आईकडे 'दुसरे होईल' एवढे वाक्य टाकून सारे आपल्या वाटेने जातात. शासनाने मात्र हे दुःख मानले आहे. मृत बालक जन्मले किंवा जन्मानंतर लगेच गेले, तर केंद्र सरकारच्या स्त्री कर्मचाऱ्यांस ६० दिवसांची विशेष रजा देण्याचा आदेश २ सप्टेंबर २०२२ रोजी निघाला. सरकारी कचेरी जे दुःख ओळखते ते मंदिराने ओळखू नये काय?

मनाच्या आजाराविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. शोक हा रोग नव्हे. परंतु पुष्कळ महिने लोटले तरी मनुष्य नित्यकर्मात परतत नाही, गेलेल्याखेरीज दुसरे काही सुचत नाही, जगणेच नको वाटते, तेव्हा वैद्याची गरज असते. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणात अशा लांबलेल्या शोकास स्वतंत्र स्थान दिले आहे आणि सहा महिन्यांची मर्यादा मानली आहे. भारत सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते, आणि आपल्या भाषेतही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक घरी देवघराजवळ लिहून ठेवावा.

७. इतरांनी कसे केले

ही सेवा केवळ श्रीमंत देशांतच होऊ शकते असे कोणी म्हणेल. इंग्लंडात १९५९ साली विधवांच्या साह्यासाठी 'क्रूज' ही संस्था निघाली, आणि १९६७ साली लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर हे सेवागृह उघडले. तेथे रोग्याच्या मृत्यूनंतरही त्याच्या कुटुंबाची विचारपूस चालू ठेवण्याची पद्धत पडली. परंतु आपल्याला अधिक जवळचे उदाहरण केरळचे आहे. कोझिकोड येथे १९९३ साली वेदनाशमनाचे काम करणारी एक संस्था डॉक्टरांनी सुरू केली. पुढे त्यातून शेजारधर्माचे जाळे उभे राहिले. आठवड्यातून काही तास देणारी साधी माणसे, थोडे शिक्षण घेऊन, आपल्याच गल्लीतील आजाऱ्याच्या घरी जाऊ लागली. औषधाबरोबर धान्य, मुलांच्या शाळेचा खर्च आणि मृत्यूनंतरची विचारपूस हेही काम त्यांनी आपले मानले. २००८ साली केरळ सरकारने यासंबंधी धोरण जाहीर केले. येथेही हेरवाडचाच क्रम दिसतो : शेजारी आधी, सरकार नंतर.

८. आपण काय ठरवावे

आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेपुढे विचारार्थ पुढील नियम ठेवीत आहे.

(१) दोन पुरुष व दोन स्त्रिया यांची एक दुखवटा-समिती नेमावी. मृत्यूची वार्ता येताच त्यांपैकी एकाने त्या घरी जावे आणि २१ दिवसांची मुदत वहीत लिहून ठेवावी.

(२) मासिक श्राद्धाच्या तिथीस, विधी असो वा नसो, समितीपैकी कोणी तरी त्या घरी वर्षभर जावे. बारा महिन्यांच्या बारा भेटी व्हाव्यात. उपदेश करू नये; बसावे, ऐकावे, गेलेल्याचे नाव घ्यावे.

(३) दाखला, विमा, निवृत्तिवेतन, शिधापत्रिका या कामांसाठी कचेरीत जाताना त्या स्त्रीबरोबर एक जाणती व्यक्ती असावी. तिची सही किंवा अंगठा कोणत्याही कागदावर वाचून दाखविल्याशिवाय घेऊ देऊ नये.

(४) तेराव्याचे जेवण साधे असावे. कर्ज काढून पंगत घालणाऱ्या घरी सभासदांनी जेवण्यास नम्रपणे नकार द्यावा. पुरोहितानेही अशा घरी दक्षिणेचा आकडा सांगू नये. पुरोहिताच्या घरी वाढलेला मुलगा या नात्याने हे मी समजून-उमजून लिहीत आहे.

(५) बांगड्या फोडणे इत्यादी प्रकार सभासद-घरी होऊ नयेत, आणि मंदिरातील हळदीकुंकवास विधवा भगिनींस मानाने बोलवावे.

(६) बालकाचा मृत्यू झालेल्या घरीही तशाच बारा भेटी व्हाव्यात.

(७) हंगामात पडावावर मृत्यू झाल्यास सभासदत्व न पाहता नोंदणीचे व घरी पोचविण्याचे साह्य करावे.

(८) या कामाचा निधी वेगळा ठेवून त्याचा हिशेब दरवर्षी सभेस वाचून दाखवावा. मात्र साह्य घेणाऱ्याचे नाव वाचू नये.

खर्चाच्या दृष्टीने पाहिले तर यांतील बहुतेक गोष्टींस पैसा लागत नाही. वेळ लागतो, आणि महिन्याची ती तिथी लक्षात ठेवणारा मनुष्य लागतो.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या आळीत गेल्या वर्षभरात कोणत्या घरी मृत्यू झाला? त्या घरी आपण तेराव्यानंतर किती वेळा गेलो?

२. उद्या आपल्या घरी असा प्रसंग आला, तर विम्याचे व बँकेचे कागद कोठे आहेत हे घरातील स्त्रीस ठाऊक आहे काय? वारसाचे नाव लावलेले आहे काय?

३. आपल्या घरच्या मंगलकार्यात जिला मागे बसविले जाते अशी कोणी काकू, मावशी वा वहिनी आहे काय?

हे तीन प्रश्न रात्री जेवणानंतर घरातील सर्वांनी एकत्र बसून वाचावेत. मुलांनाही त्यात बसवावे. मृत्यूविषयी बोलल्याने मृत्यू येत नाही. पिंड कावळ्याने शिवला की मृताची इच्छा तृप्त झाली असे आपण मानतो. गेलेल्याची इच्छा बहुधा एकच असते, की माझ्या मागे माझ्या माणसांकडे कोणी तरी बघावे. ती पुरी करणे आपल्या हातात आहे, आणि त्यास पुढचे वर्षभर मुदत आहे.

इति शुभम्.